हायस्कुलातले रसायन आणि बाजारातला काटा

कामगार चळवळीतल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत उभे राहून हायस्कुलातल्या रसायनशास्त्रावर बोलावे, हे पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. आमच्याकडून लोक हमालीचे दर, माथाडी कायदा, भविष्य निर्वाह निधी असल्या विषयांची अपेक्षा करतात, आणि त्यात वावगे काही नाही. शिवाय आमचे स्वतःचे शाळेतले शिक्षण सातवीपुढे गेलेले नाही. रसायनाची पुस्तके आम्ही वाचली ती हमाल-मापाऱ्यांच्या मुलांचा संध्याकाळचा वर्ग चालवता यावा म्हणून. शिकवता शिकवता जेवढे उमगले तेवढेच येथे मांडणार आहोत. तरीही हा विषय आम्ही हट्टाने मागून घेतला. आमचा बहुतेक जन्म मापाच्या भांडणात गेला आहे. या भांडणात हरणारा माणूस आवाज लहान म्हणून हरत नाही, असा आमचा अनुभव आहे. समोर ठेवलेला आकडा कसा आला हे त्याला विचारता येत नाही, म्हणून तो हरतो. हे विचारायला शिकवणारी जागा गरिबाच्या मुलाला आयुष्यात बहुधा एकदाच मिळते, आणि ती म्हणजे नववी-दहावीतली प्रयोगशाळा.

आमचा वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. जिल्हा नवा असला तरी मापाशी या मातीचा संबंध जुना आहे. आपल्या जिल्ह्यातले कारंजा घ्या. १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमाने कारंज्याचा कापूस बाजार नियमांखाली आला, आणि हिंदुस्थानातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याची नोंद झाली. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. हे सारे शेतकऱ्याच्या कळवळ्याने झाले असे कोणी समजू नये. मँचेस्टरच्या गिरण्यांना शुद्ध कापूस वाजवी भावात मिळावा, हा त्यामागचा हिशेब होता. पण कारण काही असो, बाजारात माल कसा तोलावा आणि व्यवहार कोणत्या नियमाने व्हावा, हा प्रश्न आपल्या मुलखात एकशेचाळीस वर्षांपूर्वी कागदावर आला.

त्या काळी मापे तरी किती! शेर, पायली, मण, खंडी. आणि खंडी म्हटले की ती कशाची, हे आधी विचारावे लागे. कापसाच्या व्यापारात आजही भाव खंडीवर बोलला जातो आणि ती खंडी सुमारे ३५६ किलोंची असते. १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धती ठरली आणि १९५८ च्या ऑक्टोबरपासून ती टप्प्याटप्प्याने देशात लागू झाली. मापे एक झाली, हे मोठेच काम झाले. पण माप एक झाले म्हणून मापणे एक होत नाही. पायलीचेच पाहा. पायली तीच, ज्वारी तीच. पण भरणारा ती शिगोशीग भरतो की वरून काठी फिरवून सपाट करतो, यावर पसा-दोन पसे इकडचे तिकडे होत. घेताना शीग आणि देताना सपाट, ही सावकाराची रीत आमच्या आजोबांच्या पिढीने सोसली. माप खोटे नसे. भरण्याची रीत बदलत असे.

आता हीच शीग रसायनशाळेत पाहा. काचेच्या मोजपात्रात पाणी ओतले की पाण्याची पाठ सपाट राहत नाही, काचेच्या कडेने ती वर चढते आणि मध्ये खोलगट होते. अशा वेळी आकडा वाचायचा तो मधल्या खोलगट भागाच्या तळाशी, आणि डोळा त्याच पातळीला आणून. उभ्याने वरून वाकून पाहिले तर पाणी असते त्याहून जास्त दिसते; खालून पाहिले तर कमी. पारा असेल तर उलटा प्रकार, तो मध्ये फुगतो, म्हणून वाचायचे फुगीर माथ्याशी. मुलांना हा नियम पाठ असतो, पण डोळा खाली आणण्याचा कंटाळा येतो. आम्ही त्यांना पायलीची शीग आणि दूधवाल्याच्या मापातला फेस आठवायला सांगतो, मग गुडघे आपोआप वाकतात.

कोणत्या कामाला कोणते माप घ्यावे, हाही भाग मोजण्यातच येतो. चंचुपात्रावर रेघा छापलेल्या असतात, पण त्या अंदाजाच्या. त्यांच्यावर विसंबून मोजणे म्हणजे टोपल्याने सोने तोलणे. शंभर मिलिलिटरच्या मोजपात्रावर एकेका मिलिलिटरची रेघ असते, म्हणजे अर्ध्या मिलिलिटरची शंका राहतेच. त्या पात्राने शंभर मिलिलिटर मोजले तर ही शंका दोनशेतली एक. पण त्याच पात्राने दहाच मिलिलिटर मोजले तर वीसातली एक. शंका तेवढीच, माल लहान झाला म्हणून ती मोठी झाली. भुईकाट्यावर ट्रॅक्टर तोलावा, हळकुंड तोलू नये, हे आमच्या हमालाला सांगावे लागत नाही. शाळेत मात्र मूल हे एक सूत्र म्हणून शिकते आणि परीक्षेनंतर विसरते.

तराजूकडे वळू. ‘पासंग’ हा शब्द आपल्या भाषेत आता बहुधा ‘तो अमक्याच्या पासंगालाही पुरणार नाही’ एवढ्यापुरता उरला आहे. मूळ पासंग म्हणजे दोन रिकाम्या पारड्यांत जो फरक असतो तो, आणि तो भरून काढायला हलक्या पारड्याला बांधलेला खडा किंवा चिंधी. शास्त्राच्या पुस्तकात याला शून्याची त्रुटी म्हणतात. पारडी रिकामी असताना काटा मध्ये आहे का, हे पाहिल्याशिवाय तोलायला सुरुवात करायची नाही, हा पहिला धडा.

पण तेवढ्याने भागत नाही. तराजूच्या दांडीचे दोन हात समान लांबीचे नसतील आणि पासंग लावून रिकामी पारडी सारखी केली असतील, तर काटा मध्ये राहील आणि तोल तरीही खोटा पडेल. हे पकडायचा उपाय सोपा आहे : पारडी बदला. माल डावीकडे ठेवून ४९ किलो भरला आणि उजवीकडे ठेवून ५१ किलो भरला, तर दांडी लंगडी आहे आणि मालाचे खरे वजन पन्नासच्या अगदी जवळ आहे. एका आकड्यावर विश्वास न ठेवता दुसऱ्या वाटेने त्याच जागी येऊन पाहणे, ही सगळ्या मोजमापाच्या शास्त्रातली उत्तम युक्ती आहे आणि तिला एक पैसा खर्च येत नाही.

आता बाजारात दांडीचा तराजू क्वचितच दिसतो. लाल आकड्यांचा काटा आला आहे. २००९ च्या वैधमापन कायद्याप्रमाणे त्याची ठराविक मुदतीने तपासणी होऊन त्यावर मुद्रा लागते, आणि एकंदरीत तो जुन्या दांडीपेक्षा चांगलाच आहे. पण त्याने एक नवा रोग आणला. दांडी हलताना माणूस पाहत असे, पारडे कुठे टेकले का, दोरी अडकली का, हे डोळ्यांना दिसत असे. आता आकडा लखलखतो, आणि त्यामागचा पासंग दिसत नाही. काट्याचा एक पाय मातीत रुतला असेल, फळीखाली खडा अडकला असेल, वारा सुटला असेल. आकडा तितक्याच दिमाखात उभा राहतो. म्हणून माहीत असलेले वजन आधी ठेवून पाहायचे, रिकाम्या काट्यावर शून्य आहे का ते पाहायचे आणि मग माल चढवायचा. आमचे मापारी हे करतात. शाळेतल्या इलेक्ट्रॉनिक तराजूवर किती मुले हे करतात, हे शिक्षकांनी एकदा मागे उभे राहून पाहावे.

आता आमच्या वर्गात घडलेली एक हकीकत सांगतो. एका मापाऱ्याच्या मुलीला शाळेत पाण्याचा उत्कलनबिंदू काढण्याचा प्रयोग होता. तिने पाणी उकळवले, तापमापी नीट धरली, फुगा भांड्याच्या तळाला टेकू दिला नाही, आणि वहीत ९८ अंश लिहिले. बाकी सर्वांनी १०० लिहिले होते. तिचे गुण कापले गेले. मुलगी रडत आमच्याकडे आली नाही, भांडत आली, हे आम्हाला फार आवडले.

आता यात खरे काय? पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते ते समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाखाली. वाशीम समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच आहे. वर जावे तशी हवेची चळत कमी होते, दाब घटतो आणि पाणी लवकर उकळते. ढोबळ मानाने दर तीनशे मीटरला एक अंश. म्हणजे वाशिमात पाणी ९८ अंशांच्या थोडे वर उकळले पाहिजे. मुलीने जे पाहिले ते बरोबर होते, आणि १०० लिहिणाऱ्या साऱ्या वर्गाने जे लिहिले ते मुंबईच्या चौपाटीवर बरोबर ठरले असते.

पण आम्ही तिला लगेच ‘शाबास’ म्हटले नाही. शाळेच्या तापमापीवर एकेका अंशाची रेघ असते आणि स्वस्त तापमापी एखादा अंश सहज चुकते. मग तिचे ९८ हे उंचीमुळे आले की तापमापीच्या दोषामुळे? याला तिच्याकडे उत्तर नव्हते, आणि नुसत्या ९८ या आकड्यात ते असूही शकत नाही. आम्ही बर्फ आणला. वितळत्या बर्फात तापमापी बुडवली तेव्हा ती शून्यावर आली. खालच्या टोकाला पासंग नाही, एवढे कळले. वरच्या टोकाचे अजून ठाऊक नव्हते, म्हणून आणखी दोन तापमाप्या मागून आणल्या आणि तिन्ही एकाच उकळत्या पाण्यात धरल्या. ९८, साडेअठ्ठ्याण्णव आणि साडेसत्त्याण्णव असे तीन आकडे आले. मग मुलीने वहीत लिहिले : सुमारे ९८ अंश, अर्धा अंश इकडे-तिकडे, तीन तापमाप्या, ठिकाण वाशीम. ही चार पदे मिळून ती नोंद पुरी होते. यातले एकही पद पाठ करून येत नाही.

निरीक्षण म्हणजे काय, याबद्दल शाळेत मोठा गोंधळ असतो. प्रयोगवहीत साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष असे रकाने छापलेले असतात आणि मुले चारही रकाने मार्गदर्शकातून एका बैठकीत उतरवतात. दहावीच्या विज्ञानाला शंभरांपैकी वीस गुण लेखी परीक्षेबाहेरचे, मुख्यतः प्रात्यक्षिकाचे असतात. ते गुण मिळतात, पण पाहणे राहून जाते. पाहिलेले आणि त्यावरून ताडलेले यांतला फरक हाताने एकदा अनुभवल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी आम्हाला मोरचुदाच्या प्रयोगासारखा दुसरा प्रयोग माहीत नाही.

मोरचूद आपल्या भागात संत्र्याच्या बागाईतदारांच्या घरी असतेच. त्याचे निळे खडे कोरडे ठणठणीत दिसतात. पण ते परीक्षानळीत घालून मंद आचेवर तापवले की निळा रंग फिका होत होत जातो, पांढरट भुकटी उरते आणि नळीच्या तोंडाशी थेंब जमतात. आता ‘निळा रंग गेला’ हे निरीक्षण. ‘थेंब जमले’ हेही निरीक्षण. पण ‘पाणी निघून गेले’ हे अनुमान आहे. थेंब पाण्याचेच कशावरून? ते थेंब दुसऱ्या पांढऱ्या भुकटीवर टाकले तर ती पुन्हा निळी होते आणि नळी हाताला कोमट लागते. तेव्हा अनुमानाला बळ येते. नववीतले मूल हे सारे करू शकते, आणि प्रत्येक पायरीवर ‘हे मला दिसले की मला वाटले?’ एवढे विचारले की पुरे.

मग तराजू आणायचा. मुशीत पाच ग्रॅम मोरचूद तोलून घ्यायचे, तापवायचे, निववायचे, तोलायचे. पुन्हा तापवायचे, पुन्हा तोलायचे. लागोपाठ दोन वजने सारखी येईपर्यंत. निववताना झाकण ठेवायचे, नाहीतर पांढरी भुकटी हवेतले पाणी परत ओढते. पाच ग्रॅमचे तीन ग्रॅम दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास उरतात. म्हणजे त्या कोरड्या दिसणाऱ्या खड्यात शेकडा ३६ पाणी होते! हे पहिल्यांदा ऐकताना आम्हालाही खरे वाटले नव्हते. तोलून पाहिले तेव्हा वाटले.

सगळ्यांचे उत्तर ३६ येत नाही, आणि प्रयोगाचा खरा लाभ तेथे आहे. एकाचे ३० आले तर तापवणे अपुरे झाले असेल. दुसऱ्याचे ४२ आले तर खडे तडतडून काही बाहेर उडाले असतील, किंवा आच फार होऊन भुकटी काळवंडली असेल. मग पाण्याबरोबर मोरचुदाचाही काही अंश गेला. मुलाने मुशीकडे डोळा ठेवला असेल तर तो सांगू शकतो की भुकटी काळी पडली होती. नुसते वजन लिहिणाऱ्याला ते सांगता येणार नाही. चुकलेला आकडासुद्धा बोलतो, मात्र त्याच्या शेजारी पाहिलेले लिहून ठेवलेले हवे. ज्या वर्गात चाळीसही मुलांचे उत्तर ३६.०७ येते, त्या वर्गात तराजू कपाटातून बाहेर निघालेला नाही, हे आम्ही पैजेवर सांगू.

न जुळणाऱ्या आकड्याचे मोल किती असते, याचे एक उदाहरण इंग्लंडातले आहे. लॉर्ड रॅले नावाचे शास्त्रज्ञ नायट्रोजन, म्हणजे नत्रवायू, तोलत होते. हवेतून प्राणवायू वगैरे काढून उरलेला नायट्रोजन एका लिटरला १.२५७२ ग्रॅम भरे. रासायनिक संयुगांतून काढलेला १.२५०५ ग्रॅम. फरक हजारात पाचांचा. आपल्याकडे एवढ्या फरकावर कोणी मान वर करून पाहिले नसते. रॅले यांनी पुन्हा तोलले, पुन्हा पुन्हा तोलले, फरक हटेना. तेव्हा १८९२ साली त्यांनी ‘नेचर’ नियतकालिकात पत्र लिहून इतर रसायनज्ञांना विचारले की याचा उलगडा कोणाला होतो का. मोठ्या माणसाने असे चारचौघांत विचारले, हे आम्हाला त्या शोधाइतकेच थोर वाटते. पुढे त्यांनी आणि विल्यम रॅमसे यांनी मिळून १८९४ मध्ये दाखवले की हवेतल्या नायट्रोजनात आजवर कोणालाच न दिसलेला एक जड वायू मिसळलेला आहे. तोच आरगॉन. आपण प्रत्येक श्वासाला शेकडा एकाच्या आसपास हा वायू आत घेतो. १९०४ साली दोघांनाही नोबेल पारितोषिके मिळाली. रॅले यांनी पहिल्याच दिवशी दोन आकड्यांची सरासरी काढून वही मिटली असती तर?

आता आमच्या दारातल्या गोष्टीकडे येतो, कारण तिच्यासाठीच हे सारे आहे. वाशीम, कारंजा, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा, कोठल्याही बाजारात दिवाळीच्या सुमारास जा. सोयाबीनचे ढीग पडलेले असतात आणि प्रत्येक ढिगाजवळ एकच शब्द ऐकू येतो : मॉइश्चर. हमीभावाच्या खरेदीला सोयाबीनमध्ये बारा टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने ती मर्यादा त्या हंगामापुरती पंधरापर्यंत सैल केली होती. खाजगी सौद्यात जास्त ओलावा म्हणजे कमी भाव किंवा वजनात कडता. हा ओलावा ठरवणारे एक लहानसे यंत्र असते. त्यात मूठभर दाणे टाकतात, कळ दाबतात आणि आकडा येतो.

हे यंत्र पाणी मोजत नाही. ओल्या आणि सुक्या दाण्यांवर विजेचा परिणाम वेगवेगळा होतो. यंत्र तो परिणाम मोजते आणि त्यावरून ओलावा ताडते. म्हणजे मोरचुदाच्या भाषेत ते अनुमान सांगते आणि आपण त्याला निरीक्षण समजतो. ते अनुमान पुष्कळदा चांगले असते. पण यंत्र सोयाबीनवर लावले आहे की मागच्या गिऱ्हाइकाच्या तुरीवर राहिले आहे, दाणे उन्हात तापलेले आहेत की सावलीतले, डबी पुरी भरली की अर्धी, याने आकडा हलतो. आणि दाणे घेतले कोठून? ढिगाच्या माथ्यावरचे दाणे दुपारी सुकलेले असतात, तळचे दमट. माथ्याची मूठ विकणाऱ्याच्या सोयीची, तळची घेणाऱ्याच्या. ढिगाच्या चार-पाच जागांहून, वरून, मधून आणि खालून घेऊन ते एकत्र कालवून मग यंत्रात टाकले पाहिजेत. यंत्र कितीही भारी असले तरी नमुना घेणारा हात खोटा असेल तर आकडा खोटाच येणार.

फरक किती पडतो? समजा खरा ओलावा १२ आहे आणि यंत्राने १४ दाखवला. मग क्विंटलमागे सव्वादोन किलोंहून जरा जास्त कडता निघतो. वीस क्विंटलच्या ट्रॉलीला सुमारे ४५ किलो. २०२५-२६ च्या हंगामाच्या ५,३२८ रुपये हमीभावाने त्याची किंमत २,४०० रुपयांच्या वर जाते. मजुराच्या घरात ही रक्कम किती दिवसांची असते, हे येथे सांगण्याची गरज नाही.

हिशेब मात्र सरळ केला पाहिजे, तो आपल्या विरुद्ध गेला तरी. शंभर किलो सोयाबीनमध्ये १८ टक्के ओलावा असेल तर सुका माल ८२ किलो. तो बारा टक्क्यांवर आणला तर हे ८२ किलो एकूण मालाच्या शेकडा ८८ होतील. म्हणजे एकूण माल ९३ किलो १८० ग्रॅम. घट ६ किलो ८२० ग्रॅमची झाली. अठरातून बारा वजा करून ‘सहाच किलो कापा’ असे म्हणणारा आमचा कार्यकर्ता प्रामाणिक असला तरी चुकतो. आणि एका टक्क्याला दोन किलो कापणारा चुकत नाही, लुटतो. हा भेद दाखवता यायला त्रैराशिक पुरते.

यंत्रावर शंका आली तर निवाडा कशाने करायचा? मोरचुदाच्याच रीतीने. दाणे भरडून, तोलून, शंभर अंशांच्या थोड्या वर राखलेल्या भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत वाळवायचे आणि पुन्हा तोलायचे. गेले ते पाणी. तव्यावर भाजून चालणार नाही. दाणे करपले की वजन घटेल, पण घटलेले सारे पाणी नसेल, काळवंडलेल्या मोरचुदासारखी गत होईल. हायस्कुलाच्या प्रयोगशाळेत तराजू आणि लहान भट्टी असली की हा निवाडा एका दिवसात होतो. जिल्ह्यातल्या किती शाळांत त्या दोन वस्तू चालू स्थितीत आहेत, हे शाळा समित्यांवर बसलेल्या मंडळींनी स्वतः जाऊन पाहावे.

मोरचूद निघालेच आहे तर बोर्डो मिश्रणाचेही सांगून टाकतो. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी, हे प्रमाण बागाईतदारांना पाठ असते. पण चुना जुना आणि हवा खाल्लेला असेल तर एक किलो हा एक किलो राहत नाही. म्हणून जाणता माणूस स्वच्छ लोखंडी पाते मिश्रणात धरून पाहतो. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळे आहे, चुना अजून हवा. मिश्रण लोखंडी पिंपात करू नये, त्याचे कारणही हेच. शेतातले हे निरीक्षण हायस्कुलातल्या विस्थापन अभिक्रियेचेच रूप आहे, फक्त शाळेत ते समीकरण म्हणून येते आणि बागेत पाते म्हणून. औषधे झाकणाने आणि अंदाजाने मोजणाऱ्या गावांत हे शिकणे चैनीचे नाही. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली. त्यामागे अनेक कारणे होती आणि साऱ्यांचा दोष मोजण्यावर ढकलणे अन्यायाचे होईल. पण मिसळणाऱ्याच्या हातात खरे माप आणि बाटलीवरचे वाचता येणारी नजर असणे, एवढी तरी गोष्ट शाळा देऊ शकते.

आम्ही संघटनेची माणसे, भाषणाच्या शेवटी मागण्या मांडल्याशिवाय आम्हाला राहवत नाही. पहिली मागणी विद्यार्थ्यांकडे : प्रयोगवहीत आकडा लिहायचा तो शाईने आणि प्रयोग चालू असताना. चुकला तर खोडरबर नको. एक रेघ मारून शेजारी नवा लिहावा, म्हणजे जुनाही वाचता येतो. दुसरी शिक्षकांकडे : पुस्तकाशी न जुळणाऱ्या आकड्याचे गुण कापण्याआधी तो कसा आला ते विचारावे, आणि पुस्तकाशी फार जुळणाऱ्याला तर अवश्य विचारावे. तिसरी मागणी बाजार समित्यांकडे आणि शाळांकडे मिळून आहे. सोयाबीनच्या हंगामात एक दिवस नववीचा वर्ग शाळेच्या तराजूसह बाजारात यावा. मुलांनी एका ढिगाचे चार ठिकाणचे दाणे घ्यावेत, अर्धे यंत्रात टाकावेत आणि अर्धे डबीत बंद करून शाळेच्या भट्टीसाठी न्यावेत. दुसऱ्या दिवशी दोन्ही आकडे बाजारातल्या फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत, एक यंत्राचा आणि एक तराजूचा. आणि त्यांच्याखाली ढीग कोणता, यंत्र कोणते आणि दाणे किती वाजता घेतले, हेही लिहावे.